नम्रताच्या नावाचा कागद

वाटे मांडून झाले की आमची नम्रता समुद्राकडे तोंड करून उभी राहायची. पाठीमागे पुळणीवर, वाळूत, बांगडा मासळीचे ढीग. जेवढे हात दोराला लागले तेवढे ढीग, तीस-बत्तीस तरी. आमच्या जाळ्याचे म्होरके आप्पा एका ढिगाशी उभे राहून विचारायचे, "हा कुणाचा?" आणि ती मागे न बघता नाव घ्यायची. "यमुनाबाईचा." पुढचा ढीग. "हा कुणाचा?" "रघूचा." नाव घेणाऱ्याने बघितलंच नाय तर लबाडी कुठली? कुणाच्या ढिगात एखादा मोठा मासा गेला तर ते त्याचं नशीब. भांडायला तोंडच नाय.

आधी हे काम कुणाही पोराला द्यायचे. पण पोरं लबाड ओ. मोठ्या ढिगाशी आप्पा पोचले की आई खोकायची, आणि पोरगं पटकन आईचं नाव घ्यायचं. एका पावसाळ्यानंतर वाडीतल्या सगळ्या बायकांना खोकला झाला तेव्हा आप्पांच्या लक्षात आलं. म्हणाले, "सदू, उद्यापासून तुझी पोर नाव घेईल. तिच्यापुढे कुणी खोकून उपयोग नाय."

खरंच उपयोग नव्हता. ती सात वर्षांची होती तेव्हा. खोकलं तर परत खोकून दाखवायची, बाकी काय नाय.

रापण ज्यांनी बघितली नाय त्यांना सांगतो. होडी जाळं घेऊन आत जाते आणि अर्ध्या गोलात सोडत सोडत परत किनाऱ्याला लागते. जाळ्याचा एक दोर उत्तरेला, एक दक्षिणेला, मधे दोन-तीनशे पावलं. दोन्हीकडे माणसं लागतात, ओढत ओढत एकमेकांकडे सरकत येतात. शेवटी जाळ्याची पिशवी वर येते, तिच्यात मासा. दोन्ही बाजू बरोबरीने आल्या पाहिजेत. एक बाजू पुढे गेली तर तिने जरा सैल द्यायचं, दुसरी येईपर्यंत. ते सांगायला दर दोराला एक हाक देणारा असतो. उत्तरेच्या दोराला मी. शाळा माझी चौथीपर्यंत, पण आवाज असा की दक्षिणेच्या बायका म्हणायच्या, सदूभावोजी, जरा हळू, बांगडे मरतील.

एक गोष्ट मात्र कधी करायची नाय. पिशवी गुडघाभर पाण्यात आली की सैल द्यायचं नाय. तेव्हा सैल दिलं की जाळ्याची खालची वजनाची कड उचलते आणि सगळा मासा खालून पसार. हे आमच्याकडे अंगठा चोखणाऱ्या पोरालासुद्धा ठाऊक असतं.

नम्रता माझ्या मागे दोराला हात लावून उभी राहायची. मी हाक दिली की तीच हाक माझ्याच आवाजात परत. "ओढा रे!" की मागून "ओढा रे!" माणसं हसायची. रघू म्हणायचा, "सदू, तुझा रेडिओ लागला बघ." मीपण हसायचो. तिला अर्धा वाटा मिळायचा, पोरांना मिळतो तसा. दया म्हणून नाय. हात लावला म्हणून.

पुळणीवर तिचं सगळं बरं चाललं होतं. बिघडलं ते शाळेत.

पहिलीच्या बाई चांगल्या होत्या, महिनाभर त्यांनी सोसलं. घंटा झाली की नम्रता कानात बोटं घालून ओरडायची. बाकावर पाच मिनिटं बसायची नाय. बाईंनी विचारलं, "नम्रता, तुझी पाटी कुठे?" की ही म्हणायची, "नम्रता, तुझी पाटी कुठे?" बाईंना वाटायचं चिडवते. शेवटी हेडमास्तरांनी मला बोलावलं. म्हणाले, "सदानंदराव, डॉक्टरांचा कागद आणा. कागद असला तर मला तिला सांभाळून घेता येईल."

मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी सदानंदराव म्हटलं, ते असं.

मग आम्ही फिरलो. रत्नागिरीत एका डॉक्टरांनी दहा मिनिटं बघितलं. तेवढ्यात नम्रताने त्यांच्या टेबलावरच्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांची भिंतीशी रांग लावली. ते म्हणाले, ही चंचल आहे, आणि चार इंग्रजी अक्षरं लिहून दिली, एडीएचडी. दुसऱ्यांनी ते कागदावर खोडलं आणि लिहिलं ऑटिझम, पुढे प्रश्नचिन्ह. मी म्हटलं, "साहेब, हे आकड्यासारखं काय लिहिलंत?" ते म्हणाले, "म्हणजे नक्की सांगता येत नाही." नक्की सांगता येत नाय तर लिहिता कशाला?

मग एसटीने कोल्हापूर. घाटात नम्रता दोनदा ओकली, माझी बायको तुळसा एकदा. तिथे मोठे डॉक्टर होते, माणूस भला. बाहेर बाकड्यावर आमच्यासारखेच बसलेले. सांगलीकडची एक बाई होती, तिचा दहा वर्षांचा मुलगा जन्मात एक शब्द बोलला नव्हता. एक मुलगी स्वतःचा हात चावत होती, मनगटावर घट्टे पडलेले. एक चष्मेवाला पोरगा भिंतीवरच्या कॅलेंडरातले वार पाठ म्हणत होता आणि त्याची आई आम्हाला अभिमानाने सांगत होती. तुळसाने हळूच एकेकीला विचारून घेतलं, तुमच्याला काय सांगितलं? सगळ्यांना एकच. ऑटिझम. आत गेलो आणि बाहेर आलो तर आम्हालाही तेच, वर ते चंचलपणाचंही जोडीला.

मी डॉक्टरांना म्हटलं, "साहेब, रागावू नका. आम्ही बांगड्याला बांगडा म्हणतो, सुरमईला सुरमई, पाल्याला पाला. सगळ्यांना नुसता मासा म्हटलं तर काटा कुठे आहे ते खाणाऱ्याला कळायचं कसं? तो पोरगा मुका, ती पोर हात चावते, आणि माझी बत्तीस माणसांची नावं घेते. तुम्ही तिघांना एकच नाव देता."

डॉक्टर हसले नायत. म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. आमच्याकडे अजून एवढीच नावं आहेत. नावाकडे बघू नका, मुलीकडे बघा."

हे त्यांना बोलणं सोपं. हेडमास्तर नावाकडे बघणार होते. आणि शाळेसाठी सरकारी दाखला हवा म्हणून कमिटीपुढे गेलो, तर तिथे कारकुनाने सांगितलं, "ऑटिझमला आमच्या फॉर्मात रकाना नाही. जवळचा रकाना हा." आणि लिहिलं, मतिमंद. पन्नास टक्के.

मी भर ऑफिसात विचारलं, "पन्नास टक्के म्हणजे कुठले? डावीकडचे का उजवीकडचे?"

तुळसाने माझा सदरा ओढून मला बाहेर काढलं.

येताना एसटीत आमचं वाजलं. ती म्हणाली, "ओ, नाव कायपण असूंदे. बाई तिला मारणार नायत, एवढं झालं तरी पुरे." मी म्हटलं, "उद्या वाडीतली पोरं तिला त्याच नावाने हाक मारतील, ते चालेल तुला?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुम्हाला पोरीची लाज वाटते की माझी, तेवढं एकदा सांगा." मला वाटलं मी पोरीच्या बाजूने भांडतोय.

तो कागद मी शाळेत दिलाच नाय. गणपतीच्या तसबिरीमागे सारून ठेवला. तुळसाला म्हटलं, हेडमास्तर पुढच्या वर्षी बघू म्हणाले. हे खोटं. आणि पुळणीवर सगळ्यांना छाती पुढे काढून सांगितलं, "चार डॉक्टर, चार नावं. त्यांचं त्यांना कळत नाय. माझ्या पोरीला काय झालेलं नाय." माणसं म्हणाली, बरोबर आहे, नम्रताला काय झालंय? नाव तर बरोबर घेते. त्या दिवशी मला जरा राजासारखं वाटलं.

हे दोन हजार दोन साल. दसरा झाला, आणि पुढच्या आठवड्यात मासळीचा पहिला मोठा थवा आला. सकाळी आप्पांनी टेकाडावरून बघितलं, पाणी काळं पडलं होतं. सगळी वाडी धावली. जाळं पडलं, दोर लागले. त्या दिवशी दोर असा जड की माणसं टाचा रोवून मागे जवळजवळ आडवी झालेली. माझ्या पुढे रघू, मागे नम्रता. समोरच्या दोराला बायका, तुळसा त्यांच्यात.

पिशवी जवळ आली तसा रघूला चेव आला. तो मस्करीखोर, माझा लहानपणचा सोबती. ओढता ओढता म्हणतो, "काय रे सदू, कोल्हापूरला पोरीचं बारसं करून आलास म्हणे. काय नाव ठेवलं?"

मी म्हटलं, "गप ओढ."

"अरे सांग तरी. वहिनी सांगत होती यमुनाबाईला, मोठं इंग्रजी नाव आहे म्हणून."

तुळसाने बाहेर सांगितलं हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी त्याच्याकडे तोंड केलं आणि सुरू झालो. ते डॉक्टर, तो कारकून, ते पन्नास टक्के. हात दोरावर, पण नजर रघूवर. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं की समोरची बाजू जरा मागे आहे. वीस वर्षांची सवय. पिशवी कुठे आहे ते न बघता मी हाक दिली.

"सैल द्या रे!"

मागून नम्रता, "सैल द्या रे!"

पंधरा माणसांनी सैल दिलं. माझी हाक म्हणजे हाक.

पाण्यात एकदम वळवळ झाली, रुपेरी पट्टा जाळ्याखालून निघाला आणि खोल पाण्याकडे गेला. ज्याने बघितलं त्याच्या तोंडून नुसता "आ" निघाला. पिशवी वर ओढली तेव्हा तिच्यात दोन टोपल्या मासा, थोडे खेकडे आणि शेवाळ. चार महिने पावसात घरी बसलेली माणसं. पहिला थवा.

आप्पा धावत आले. "कोण बोललं सैल? कोण मेला बोलला?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. पण आधी रघू बोलला. "आप्पा, पोर असेल ती. बापाचा आवाज काढते ना."

रघूला खरंच तसं वाटलं का मला वाचवायला बोलला, मी त्याला कधी विचारलं नाय. विचारायचा धीर नाय झाला.

आप्पा तिच्यासमोर वाकले. "नम्रता, तू बोललीस सैल?"

नम्रता म्हणाली, "तू बोललीस सैल?"

"अगो, तू बोललीस काय?"

"तू बोललीस काय?"

गर्दीतून कुणी म्हणालं, चिडवते बघा. कुणी म्हणालं, एक ठेवून द्या. पंधरा-वीस माणसं तिच्याभोवती, आणि ती दोराचं टोक धरून समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. आता वाटे होतील, असं तिला वाटलं असेल.

आणि मी म्हणालो, "तिला कुणी हात लावू नका. तिला आजार आहे. तिला कळत नाय."

आप्पा म्हणाले, "आजार? तू तर म्हणालास काय नाय."

"आहे. सरकारी कागद आहे."

घर पुळणीच्या मागेच. मी धावत गेलो, तसबिरीमागून कागद काढला आणि धावत आलो. जो कागद मी हेडमास्तरांना दाखवला नाय, तो सगळ्या वाडीला दाखवला. आप्पांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं. "कुमारी नम्रता सदानंद. मतिमंद." टक्के त्यांनी वाचले नायत. तेवढं वाचून कागदाची घडी केली आणि माझ्या हातात दिली, मयताच्या घरी काही द्यावं तशी.

माझ्या मनात मी तिला मारापासून वाचवत होतो. हे मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. तुम्हाला सांगतो, त्यात चार आणेपण खरं नाय. तिला मार पडला नसताच. पोरीला आप्पा हात लावणारे नव्हते. माझी हाक गेली असती, माझं उत्तरेचं टोक गेलं असतं, एवढंच.

तुळसा समोरचा दोर सोडून गर्दीतून पुढे येईपर्यंत सगळं उरकलं होतं. ती माझ्या हातातल्या कागदाकडे बघत राहिली.

त्यानंतर वाडी फार चांगली वागली. तोच त्रास. कुणी शिवी दिली नाय. शेजारची सोनूबाई घरी येऊन नम्रताच्या डोक्यावरून हात फिरवून रडून गेली. पुढच्या रापणीला नम्रताने दोर धरला तर यमुनाबाईने हळूच तिची बोटं सोडवली, "बस बाय माझी, सावलीत बस," आणि हातात एक शंख दिला. वाटे मांडले तेव्हा नाव घ्यायला आप्पांनी दुसऱ्या पोराला उभं केलं. नम्रता त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, तर तिला परत सावलीत नेऊन बसवलं. ती पुन्हा उठली. पुन्हा बसवली. चौथ्यांदा ती ओरडली, आणि माणसं एकमेकांकडे बघून माना हलवायला लागली. आधीपण ती ओरडायची. तेव्हा माना कुणी हलवत नव्हतं.

रघू घरी टोपली घेऊन आला. "नम्रताचा वाटा." पूर्ण वाटा. मोठ्या माणसाचा.

मी म्हटलं, "तिने हात लावला नाय रे."

"असूंदे रे. आप्पा म्हणाले, द्यायचा."

तुळसा अंगणात सुकट पसरत होती. टोपली बघून उठली नाय. रघू गेल्यावर म्हणाली, "ओ, एक विचारू? ती तुमच्या मागून बोलते. तुमच्या आधी कधी बोललीय?"

मी टोपली उचलून पडवीत ठेवली.

"कधी बोललीय ती आपल्या मनाने? एक शब्द?"

"मी बोललो गो," मी म्हटलं. "मीच बोललो सैल."

तिने सुकट पसरायचं थांबवलं नाय. जराशाने म्हणाली, "डॉक्टरांना शिव्या घालत होतात. त्यांनी निदान तपासून नाव दिलं."

त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली.

दुसऱ्या दिवशी मी आप्पांकडे गेलो. ते जाळं शिवत बसले होते. मी उभ्या उभ्या सांगितलं, चूक माझी, पोरीची नाय. आप्पांनी दात लावून धागा तोडला. म्हणाले, "मला ठाऊक आहे."

"ठाऊक?"

"साठ वर्षं रापण ओढतोय मी. पहिला आवाज कुठला आणि मागचा कुठला, कळत नाय काय मला?"

"मग बोलला का नायत?"

"बोलणार होतो. तू कागद आणलास." ते माझ्याकडे बघत नव्हते. "चूक असती तर दंड केला असता, महिनाभर हाक काढून घेतली असती, मिटलं असतं. आता कागद वाचून झालाय, सदू. मी काय सांगू लोकांना? वाचलेलं परत द्या म्हणून?"

"मी सांगतो लोकांना."

"सांग," आप्पा म्हणाले. "बघ सांगून."

पुढच्या रापणीला वाटे मांडून झाले तेव्हा मी मधे जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "ऐका. त्या दिवशीची हाक माझी होती. मी रघूशी बोलत होतो, माझं लक्ष नव्हतं. नम्रता माझ्यामागून बोलली. चूक माझी. तिचा हात दोरावर परत घ्या, आणि नाव तिला घेऊ द्या."

मग यमुनाबाईने पदर डोळ्याला लावला. "बापाचं काळीज आहे ओ. पोरीचं अंगावर घेतोय."

"अंगावर नाय घेत! खरं सांगतोय मी!"

"होय रे बाबा होय," सोनूबाई म्हणाली. "कोण म्हणतंय खोटं?"

रघूने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पुरे आता. सगळ्यांना समजतंय." आणि कुणीतरी माझ्या ढिगावर दोन मोठे बांगडे आणखी टाकले.

मी ओरडलो. शिव्या घातल्या. जेवढा ओरडलो तेवढी माणसं मऊ झाली. मी आप्पांकडे बघितलं. ते ढिगांकडे बघत म्हणाले, "चला रे, उन्हं झाली. हा कुणाचा?" आणि ते दुसरं पोरगं नावं घ्यायला लागलं.

त्या दिवशी मला कळलं, तो कागद नम्रतासाठी नव्हता. तो माझ्यासाठी झाला होता. त्याच्याखाली मी कितीपण मोठा अपराध ठेवला तरी वरून कुणाला दिसणार नव्हता.

कागद शाळेत तुळसाने नेऊन दिला, मला न विचारता. बाईंनी नम्रताला दाराजवळ बसवलं, घंटेच्या आधी बाहेर सोडायला लागल्या. दुसऱ्या वर्षी ती वाचायला लागली. म्हणजे नाव कसंपण असो, तुळसाने ते जिथे न्यायचं तिथे नेलं. मी जिथे नेऊ नये तिथे नेलं.

आणि एक दिवस रापणीला तुळसाने नम्रताचा हात धरला आणि तिला घेऊन गेली दक्षिणेच्या दोराला, बायकांत. तिच्या हातात दोर दिला आणि स्वतः मागे उभी राहिली. यमुनाबाई पुढे आली, "अगो, बसव तिला." तुळसा एवढंच म्हणाली, "बोटं सोडवून बघ." यमुनाबाई मागे सरली. तिथल्या बायका तुळसाला वचकून असतात. नावं घ्यायचं काम मात्र नम्रताला परत मिळालं नाय. अर्धा वाटा मिळतो.

उत्तरेची हाक अजून माझीच आहे. मी दोनदा सोडतो म्हटलं, कुणी सोडू देत नाय. रापण सुरू झाली की दोन्ही दोर लांब असतात, समोरची माणसं ठिपक्यांएवढी, तेव्हा मला बरं असतं. मग ओढत ओढत आम्ही जवळ येतो. तोंडं दिसायला लागतात. तुळसा दिसते, तिच्यापुढे नम्रता, दोन्ही हात दोरावर, जीभ दातात धरून ओढणारी. मी हाक देतो आणि पाण्याकडे बघतो. शेवटची दहा पावलं दोन्ही बाजू अगदी समोरासमोर येतात, तेव्हा मी पाण्याकडेच बघत राहतो.